बीबी की चार

तुमचं तेरावं झालं. खुर्च्या, सतरंज्या ज्यांच्या त्यांच्याकडं परत गेल्या, आपली लेक सुनंदा बेळगावला परत गेली, आणि आज सकाळी चूल पेटवता पेटवता मी तुमच्याशी भांडायला लागले. रडून झालंय. आता नुसता राग उरलाय, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूसच घरात नाही. ही सवय तुमची जुनीच. वाद रंगात आला की पायात चपला सरकवायच्या आणि "बांधावर जाऊन येतो" म्हणायचं.

या वेळीही तसंच केलंत. जवळजवळ पन्नास वर्षांचं भांडण अर्ध्यावर टाकून गेलात.

कुणाला सांगायला गेले तर हसतील. नवराबायकोची भांडणं शेतावरून होतात, सासूवरून होतात, दारूवरून होतात. आपलं बंदुकीच्या छर्ऱ्यांवरून. तेही कुणासाठी? ज्या पाखरावर आपण दोघांनी कधी बार टाकला नाही, टाकायचाही नव्हता, त्या पाखरासाठी.

तुम्ही मला बघायला आलात त्या दिवशी हे सुरू झालं. आमच्या अप्पांकडं बाराबोरी बंदूक होती. शिकारीवर बंदी यायच्या आधी ते खानापूरकडच्या तळ्यांवर बदकं मारायला जायचे आणि आणलेली पाखरं सोलायचं काम माझ्याकडं. कुठला छर्रा पिसातच अडकलाय, कुठला हाडापर्यंत गेलाय, हे मला बोटांना कळायचं. बंदी आली तशी अप्पांनी बंदूक पुसून खुंटीला लावली. बोलणं मात्र खुंटीला लागलं नाही. तुमच्या हातात पोह्यांची बशी होती आणि अप्पांनी विचारलं, "पाव्हणं, तुमच्याकडंबी बंदूक हाय म्हनं. आता बंदी हाय, पर समजा. पाण्यावरनं मोठा नकटा उठला. नळीत काय घालशीला?"

नकटा म्हणजे आपल्याकडचं सगळ्यांत थोराड बदक. नराच्या चोचीवर टेंगूळ असतं, आणि पाखरू असं भारी की दोन हातांनी धरावं लागतं.

"बीबी," तुम्ही म्हणालात. घास गिळायच्या आधी.

मी चहा घेऊन दारात आले होते. तोंडातून निघून गेलं, "चार नंबर."

आई मागून चिमटा काढत होती. अप्पा मात्र खूश. "का गं?" म्हणाले. मग मी सांगितलं. काडतुसाचा नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो. चार नंबरातला छर्रा ज्वारीच्या बारक्या दाण्याएवढा, म्हणजे एका काडतुसात भरपूर मावतात, आणि पाखराच्या मानेत-डोक्यात एखादा तरी बसतोच. बीबी हा सगळ्या नंबरांपेक्षा जाड, मिरीएवढा. मावतात थोडे, पांगतात लांब लांब, आणि मधल्या फटीतून पाखरू निघून जातं. नाहीतर त्याहून वाईट, एखादा पोटात घेऊन उडतं आणि कुठंतरी झुडपात चार दिवसांनी मरतं.

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "जाड पिसं हायत त्याची. खाली चरबी. ज्वारीनं काय हुतंय? लांबनं बारका छर्रा नुसता गुदगुल्या करतोय."

"लांबनं मारायचंच कशाला? जवळ येऊ द्यायचं."

"थांबलं तर उडून जातंय."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुम्ही गेल्यावर म्हणाले, "पोरगं उतावळं हाय, पर तोंडाला तोंड देतंय. दिऊन टाकू." असं माझं लग्न ठरलं.

उतावळे तर तुम्ही होताच. रामनगरच्या बाजारात म्हशीचे दात न बघता म्हैस आणलीत. सुनंदाच्या पहिल्या स्थळाला चहा पिऊन व्हायच्या आधी नकार दिलात, आणि दुसऱ्याला चहा यायच्या आधी होकार. तो जावई चांगला निघाला, ही तुमची हुशारी नाही, तिचं नशीब. मी काही बोलले की तुमचं ठरलेलं, "खानापूरवाली, तू चार नंबर घेऊन बस वाट बघत."

आपली शेती सुपा धरणाच्या पाण्याच्या कडेला. पाणी अडलं तसं ते आपल्या खालच्या वाफ्यांपर्यंत चढलं, आणि त्याच्यामागून पाखरं आली. थंडीत पाणी उतरायला लागलं की चिखलात नकटे चरायला बसायचे. तुम्ही बांधावर, मी तुमच्या मागं. बंदूक घरात, कारण ती पीक राखायच्या परवान्यावरची, रानडुकरांना भिववायला. पण तुमचा हात खांद्याशी जायचाच. "आता. आता बीबी पायजे हुता." मी म्हणायची, "अजून लांब हाय." तेवढ्यात तुमच्या आवाजानं सगळा थवा उडायचा आणि तुम्ही माझ्याकडं असं बघायचात की जणू मीच उडवला.

काडतुसं आणायला वर्षाकाठी एकदा बेळगाव. मी बरोबर येऊ नये म्हणून तुम्ही काय काय सांगितलंत ते मला पाठ आहे. गाडीला गर्दी असते, लोंढ्याला रस्ता खराब आहे, म्हशीला कोण बघणार. मी यायचीच. तिथल्या दुकानदाराला आपण माहीत झालो होतो. तुम्ही परवान्याचं पुस्तक पुढं सारून म्हणायचात, "बीबी द्या." एकदा तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, एक हाय की शेजारी उभी." तुम्हाला कळलंच नाही. मला हसू आवरेना, आणि तुम्ही खानापूर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

"डुकरांना भिववायला आवाज पायजे," मी काउंटरवर म्हणायची, "छर्रा कुठलाबी चालतोय. मग बीबीच कशाला?"

"मग चारच कशाला?"

दुकानदार बिचारा दोन्हीतले थोडे थोडे द्यायचा. आपण दोघं ते घेऊन घरी यायचो आणि भात पिकलं की तुम्ही बांधावरून बार काढायचात. डुकरं रानाकडं, तुमची नळी पाण्याकडं, म्हणजे कुणाच्या गुराला लागायला नको. वर्षानुवर्षं. छर्रे पाण्यात पडायचे आणि आपण ते विसरून जायचो.

मग ते पाखरू सापडलं.

हे गेल्याच्या गेल्या वर्षीचं. तुम्ही सकाळी खालच्या वाफ्यात गेलात आणि कांबळ्यात काहीतरी गुंडाळून आणलंत. नर नकटा. दोन्ही पंख घराच्या पाख्यांसारखे खाली ओघळलेले, मान वर धरवत नव्हती. अंगावर जखम कुठंच नाही. मी डोक्याला हात लावला. "अवं, बंदुकीचं घर हे. बंदीचं पाखरू गोठ्यात ठेवताय. फॉरेस्टवाल्यांनी बघितलं तर काय सांगशीला, पाव्हणा आलाय?"

"बरं झालं की सोडतो. सांगतो मी त्यास्नी."

सांगितलंतही. गार्डला स्वतः फोन केलात, तो म्हणाला, मी येतो. तो यायच्या आत तुम्ही पाखरापुढं भिजवलेलं भात ठेवलंत, गूळपाणी ठेवलंत, आणि एकदा चक्क माझ्या हातचं सोलकढीचं पाणी. पाखरू काही खाईना. हिरवं हिरवं हगत होतं. जन्मभर ज्याला कुठल्या छर्ऱ्यानं पाडायचं यावर तुम्ही माझं डोकं खाल्लंत, त्याच्या उशाशी तुम्ही गोणपाट टाकून बसलात.

गार्डनं येताना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. वयानं सुनंदापेक्षा लहान, कानडी मुलखातली, पण मराठी आपल्यासारखं बोलणारी. त्या पोचल्या तोवर पाखरू गेलं होतं. गार्डच्या समोर त्यांनी ते अंगणात उघडलं. पोटात दाणे दळायची जाड पिशवी असते, ती कापली. आत बारीक खडे, आणि खड्यांत काळपट चकचकीत गोळ्या. त्यांनी एक नखानं दाबली. नखाची खूण उठली.

"शिसं," त्या म्हणाल्या. "ह्या पाखरांना दात न्हाईत बघा, म्हणून खडे गिळतात. खडे समजून छर्रे गिळलेत. पोटात ते झिजतात आणि विष अंगात भिनतं. ह्याला कुणी मारलं न्हाई, काका. चिखलात जुने पडलेले असणार. इथं कोण बंदूक उडवतं?"

गार्ड पाण्याकडं बघत होता. मग तुम्ही म्हणालात, "मी."

एवढंच. उगाच डुकरांचं नाव नाही, परवान्याचं नाव नाही. तुमच्या तोंडून एवढं लहान उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कायद्यात तुमचं काही चुकलेलं न्हाई, पण आता कळलंय ना.

आणि ती माणसं गेल्यावर तुम्ही काय केलंत? त्या गोळ्या तळहातावर घेऊन खिडकीशी गेलात. चष्मा लावलात. एक नवीन छर्रा शेजारी ठेवून मापायला लागलात.

मी तिथंच संतापले. "पाखरू मेलं हाय. आणि तुमी नंबर बघायलाय?"

तुम्ही मागं वळलात तेव्हा डोळे भरलेले होते. "कळंना गं," म्हणालात. "सगळं झिजलंय. बीबी काय, चार काय, सगळी सारखीच झाल्यात."

मी तुमच्या हातातल्या गोळ्या घेतल्या, कागदात बांधल्या, आणि तुम्हाला जेवायला वाढलं. पुढं आपण त्यावर कधी बोललो नाही. दोन्ही नंबर आपणच आणायचो, दोघांनी मिळून, हे दोघांनाही माहीत होतं. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर तोंडावर मारलं असतं, बघ, तुझ्या बारक्या दाण्यांनीच घात केला, बारीक छर्राच पाखराला खडा वाटतो. तुम्ही ते बोलला नाहीत. ज्या माणसानं मिठाच्या बरणीवरूनही माघार घेतली नाही, तो इथं गप्प बसला. त्याबद्दल मी तुम्हाला काहीतरी म्हणायला हवं होतं. आज म्हणते. बरं केलंत.

पण गप्प बसाल ते तुम्ही कसले. पुढच्या खेपेला बेळगावात तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "शिशाचे नकोत. लोखंडी छर्रे द्या."

तो म्हणाला, "काका, असलं हिकडं मिळत न्हाई."

"परदेशात मिळतंय. माझ्या पोरीनं मोबाइलवर बघितलंय."

सुनंदानं बघितलं होतं खरं, आणि तिथंच तुमचं फावलं. बाहेरच्या देशांत पाणपाखरांवर शिसं वापरू देत नाहीत, पोलादी छर्रे असतात. पोलाद शिशाहून हलकं, म्हणून त्याच पाखरासाठी छर्रा दोन नंबर तरी मोठा घ्यावा लागतो. मोठ्या हंसाला बीबी. सुनंदानं हे फोनवर वाचून दाखवलं आणि तुम्ही परातीवर थाप मारलीत. "बघ. बीबी. जगानं मान्य केलंय."

"पोलादात," मी म्हटलं. "शिशात चारच. आणि तुमची ती जुनी नळी पोलादाला टिकायची न्हाई, तेबी लिहिलंय. वाच गं सुनंदा."

सुनंदानं फोन ठेवून दिला.

त्या वर्षीपासून तुम्ही बंदूक काढली नाहीत. एकही बार नाही. मला वाटलं, बरं झालं. पण डुकरांना कुणी सांगावं? तुम्ही डबे घेऊन शेतातल्या माळ्यावर बसायला लागलात. पत्र्याचे डबे, एक फुटकं घमेलं, आणि तुमचा तो आवाज. सत्तरी ओलांडलेला माणूस, नोव्हेंबरचं दंव, आणि अंगावर तेच ते कांबळं. भात अर्धं डुकरांनी खाल्लं. शेजारचा गणू वेळीप बांधावर येऊन तुम्हाला वाट्टेल ते बोलला. "तुमच्या शेतातनं डुकरं माझ्यात येतात. बंदूक हाय घरात आणि डबं बडवायलाय. बदकांसाठी आम्ही उपाशी मरायचं व्हय?"

तुम्ही म्हणालात, "तू बी डबा घे."

"मला काय येड लागलंय?"

तेव्हापासून गणूनं आपल्या अंगणात पाऊल टाकलं नाही. मीही तुम्हाला सांगून बघितलं. पोरांना मजुरी देऊन बसवू. पाण्याकडं न मारता रानाकडं मारा. खालचा वाफा एक वर्ष पडीक ठेवू. प्रत्येक गोष्टीला तुमचं तयार उत्तर, "तू घरात झोप."

या हंगामात खोकला लागला. मी म्हटलं, दांडेलीला जाऊन दाखवू. तुम्ही म्हणालात, "भात झोडून झालं की जाऊ." सांगा आता. जन्मभर ज्याला क्षणभर दम धरवला नाही, म्हशीसाठी नाही, जावयासाठी नाही, उडणाऱ्या पाखरासाठी नाही, त्याला नेमका हाच मुहूर्त सापडला थांबायला. मी ओरडले, हात धरून ओढलं, चार दिवस बोलणं टाकलं. भात झोडून झालं. आपण गेलो. डॉक्टर म्हणाले, छातीत फार साचलंय, आधी यायला हवं होतं. खाटेवर तुम्ही मला खूण केलीत, मी कान जवळ नेला. मला वाटलं, काही सांगायचं असेल. तुम्ही म्हणालात, "भात नीट वाळव. दमट हाय." हे तुमचे माझ्याशी शेवटचे शब्द. वाळवलंय. चांगलं निघालंय, थोडं आहे तेवढं.

काल बंदूक ठाण्यात जमा करायला गेले. परवानाधारक गेला की ठेवावी लागते. जोयड्याची एसटी पकडली, बंदूक गोधडीत गुंडाळलेली, कंडक्टरला आधी सांगून ठेवलं म्हणजे कुणी घाबरायला नको. ठाण्यातल्या हवालदारानं मला खुर्ची दिली. "बन्नी आज्जी, कूतकोळ्ळी," म्हणजे या, बसा. निवडणुकीला तुम्ही बंदूक जमा करायला जायचात, तेव्हा प्रत्येक वेळी दमट खोलीत ठेवू नका म्हणून त्याला तंबी द्यायचात, ते त्याला आठवत होतं. "वारसदार म्हणून परवाना तुमच्या नावावर होईल. अर्ज करा की," म्हणाला.

"नको. ठेवून घ्या."

मग काडतुसं. त्यानं काडतुसं हातात घेऊन बघितली. "हे दोन परकार कशाला?"

मी सांगायला लागले. चार नंबर का, ते सांगितलं. मग तो म्हणाला, "आणि हे मोठे?" आता तुमच्या बाजूनं बोलायला तिथं कोण होतं? मीच बोलले. जाड पिसं, खाली चरबी, लांबून बारक्या छर्ऱ्यात जोर उरत नाही, वाऱ्यात मोठा सरळ जातो. आणि पाखरू काही माणसाच्या सोयीनं जवळ येत नसतं, एवढंही बोलले, जे तुम्हाला एवढ्या वर्षांत कधी सुचलं नाही. तुमची बाजू मी तुमच्यापेक्षा बरी मांडली, अहो. हवालदार चहा विसरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग बरोबर कोण, आज्जी?"

मी म्हटलं, "तुम्ही सही कुठं पायजे ते सांगा."

घरी आले तर गणू वेळीप पायरीवर बसलेला. मयताला आला होता, पण मागं उभा राहून गेला होता. मला बघून उठला, टोपी काढली, परत घातली.

"अक्का, पुढच्या हंगामाचं बोलायचं हुतं. आमी चौघापाचजणांनी पाळी लावायचं ठरवलंय. डबं घिऊन. तुमच्या बांधापासनं सुरू करतो, म्हंजे डुकरं वरच अडतील."

मला इतका राग आला की पिशवी हातातून पडली. "ते हुते तवा का न्हाई रं? एकटं बसलं दंवात. तवा कुठं गेली हुती तुमची पाळी?"

गणू खाली बघत म्हणाला, "अक्का, खरं सांगू? त्यांनी कुणाला बोलू दिलं काय कधी?"

खोटं असतं तर बोलले असते. मी त्याला चहा दिला. तो पिऊन झाल्यावर, कप धुवायला जागा शोधत असल्यासारखा इकडंतिकडं बघत म्हणाला, "ती पाखरं आल्यात काय हो ह्या वर्षी?"

"आल्यात. चल, दाखवते."

आम्ही खालच्या बांधावर गेलो. ऊन उतरलं होतं, पाणी मागं सरकलेलं, आणि चिखलात नकटे बसले होते, नर, माद्या, सगळे. एवढा थवा इतक्या जवळून मी कधीच बघितला नव्हता. टेंगूळ दिसत होतं, पाठीवरची हिरवी झाक दिसत होती. गणू श्वास रोखून उभा. मीही. पाखरं आपल्या उद्योगात होती. एकानंही मान वर केली नाही. तुम्ही असता तर "ते बघ, ते बघ" करून केव्हाच सगळी उडवली असती.

फार वेळ उभी राहिले हो मी. ती शांतता मला सोसेना. शेवटी मीच दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. सगळा थवा पाण्यावरून उठला, पंखांचा तो मोठा आवाज झाला, आणि गणू माझ्याकडं बघत राहिला.